प्रागमधला शनिवार

डॉ. एकेहार्ट वीझिंगर यांना कोणाचाही मत्सर वाटत नव्हता. त्यांना केवळ न्याय हवा होता. मत्सराची पहिली खूण हीच असते, असे त्यांनी स्वतःच रोमन सम्राट शिकवताना मुलांना कितीदा तरी सांगितले होते. परंतु शिकवलेली गोष्ट शिक्षकाला लागू होत नाही, हा त्या पेशातला एक जुना आणि सोयीचा संकेत आहे.

न्यायाचा प्रश्न असा होता. आल्टेनरोट या लहानशा जर्मन गावाचे इतिहास मंडळ दर शरदात तीन दिवसांसाठी एखाद्या जुन्या राजधानीला जाते. शुक्रवारी पहाटे बस निघते, रविवारी रात्री परतते. पण मंडळाची खरी सहल त्याच्या दोन आठवडे आधी, ‘सोनेरी गरुड’ या खानावळीच्या मागच्या दालनात, तयारीच्या सभेत पार पडते. तिथे एक जाणता माणूस उभा राहतो, नकाशा टांगतो आणि पुढे जे दिसणार आहे ते आधीच इतके समजावून सांगतो की प्रत्यक्ष पाहण्यासारखे फारसे काही उरू नये. वीसेक वर्षे हा जाणता माणूस म्हणजे डॉ. वीझिंगर. व्याख्यानानंतर टाळ्या वाजत नसत. तिकडच्या विद्यापीठांत जशी रीत असते तशी श्रोत्यांनी बोटांची पेरे टेबलावर ठोकून दाद द्यायची, ही शिस्त डॉक्टरांनीच मंडळाला लावली होती. पहिल्या वर्षी कोणीतरी टाळ्या वाजवल्या, तेव्हा त्या थांबेपर्यंत ते खिडकीबाहेर पाहत उभे राहिले. दुसऱ्या वर्षी कोणी वाजवल्या नाहीत. आता तर गावात बाप्तिस्म्याच्या जेवणालाही लोक टेबल ठोकतात, आणि ही सवय आली कुठून हे कोणाला आठवत नाही. डॉक्टरांना आठवते.

यंदा राजधानी ठरली प्राग, आणि जाणता माणूस ठरली मारेन टिमसेन.

ही बातमी मंडळाचे अध्यक्ष उडो क्रॅपमान यांनी, कौलांच्या व्यापाऱ्याला शोभेल अशा पद्धतीने, वरून खाली सोडली. “एकेहार्ट, तुलाही जरा विसावा. यंदाचं मारेन बघते म्हणाली.”

“मी विसावा मागितला होता?”

“तसं नाही रे. पण तुझा गुडघा...”

“माझा गुडघा व्याख्यान देत नाही, उडो.”

“बरं, मग खरं सांगू? मागच्या सहलीत, वॉर्सात, तू राजे मोजत होतास तेव्हा निम्मी मंडळी कॅफेत पळाली होती. मीही होतो त्यांच्यात. केक छान होता.”

मारेन टिमसेन ही मूळची पार उत्तरेकडची, समुद्राकाठच्या फ्लेन्सबुर्गची. मुलगी इकडे नांदते म्हणून निवृत्तीनंतर आल्टेनरोटला आली. आयुष्यभर तिने काय केले, तर मुलींच्या शाळेत व्यायाम शिकवला. म्हणजे शिट्टी वाजवली आणि लाकडी घोड्यावरून पोरींना उड्या मारायला लावल्या. कानामागून आली आणि तिखट झाली, ती अशी. सहा महिन्यांत गावातला प्रत्येक जण तिला ‘अगं मारेन’ म्हणू लागला होता. डॉक्टरांशी मात्र ती अजून ‘तुम्ही’वरच होती, कारण या मुलखात वडीलधाऱ्याने आपण होऊन ‘तू म्हण’ असे सुचवल्याशिवाय धाकट्याला ते म्हणता येत नाही, आणि असे काही सुचवण्याचा डॉक्टरांचा बेत नव्हता.

तिची कामाची तऱ्हा तर डॉक्टरांना अश्लील वाटली. ती घरोघरी जाऊन, प्रागमध्ये काय पाहायला आवडेल, असे लोकांना विचारत होती. बेकरीवालीला कठपुतळ्या पाहायच्या होत्या. उडोला बिअर प्यायची होती. औषधवाल्या म्हाताऱ्याला नदी दिसेल असे एखादे बाक हवे होते, बस्स. “इतिहास मतदानाने ठरत नसतो,” डॉक्टर घरी बायकोला म्हणाले. रोसविटा वाटाणे सोलत होती. “नाही ठरत,” ती म्हणाली, “पण सहल ठरते.”

मारेनने ते सारे हट्ट एका धाग्यात ओवले, हे पुढे कळले. आणि ते चांगले ओवले, हे कळले तेव्हा डॉक्टरांच्या पोटात खरोखर दुखले. तिने नदीवरचा प्रसिद्ध जुना पूल ठेवला होता भल्या पहाटे, गर्दी जमण्यापूर्वी. राजवाड्याला ती ट्रामने आधी वर जाऊन मग पायी उतरणार होती, म्हणजे म्हाताऱ्या गुडघ्यांना चढ नको. डॉक्टर मंडळाला तीनदा प्रागला घेऊन गेले होते आणि तिन्ही वेळा त्यांनी लोकांना खालून वर नेले होते, कारण राजेही खालून वर जात. उतरण्याची कल्पना त्यांना सुचली नव्हती. निव्वळ मूर्ख प्रतिस्पर्ध्याला माणूस उदारपणे माफ करू शकतो. जो आपल्याच शेतात येऊन आपल्याहून सरळ नांगर चालवतो, त्याला माफ करण्याची सोय कोणत्याही धर्मात केलेली नाही.

सप्टेंबरातल्या एका दुपारी मारेन कॉफीला आली. बोलावले होते रोसविटाने. टेबलावर आलुबुखाराचा केक होता, साय फेटून ठेवलेली होती. स्वयंपाकघरातून दोघींच्या हसण्याचा आवाज येत होता आणि बैठकीत बसलेले डॉक्टर, आपल्याशी बोलताना रोसविटा शेवटची अशी कधी हसली होती, याचा काळ निश्चित करण्याच्या प्रयत्नात होते. साधने तोकडी पडली.

“हेर डॉक्टर,” मारेन बाहेर येऊन, जर्मन रीतीने ‘श्रीयुत’ लावून, म्हणाली आणि तिने कार्यक्रमाचे पान पुढे केले, “एकदा नजरेखालून घालाल का? छापायला देण्याआधी. मला इतिहासातलं काही कळत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे.”

“आम्हा सगळ्यांनाच ते माहीत आहे,” डॉक्टर म्हणाले.

“एकेहार्ट,” रोसविटा म्हणाली.

“असू दे गं,” मारेन हसली. “खरंच आहे ते.”

डॉक्टरांनी चष्मा लावला. शुक्रवार निर्दोष होता. रविवारी सकाळी राजवाडा, दुपारी जेवून परत, तेही निर्दोष. आणि मग त्यांची नजर शनिवारच्या दुपारवर थांबली. जेवणानंतर जुनी ज्यू वस्ती, सिनेगॉग, जुनी दफनभूमी.

शनिवारी. ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीच्या, सब्बाथच्या दिवशी. ज्या दिवशी तिथली सारी दारे बंद असतात, त्या दिवशी बसभर जर्मन माणसे त्या दारांशी जाऊन उभी राहणार होती.

डॉक्टरांना हे माहीत असणे अपरिहार्य होते. गावातल्या ज्यूंवर लिहिलेला एकमेव निबंध त्यांचाच. दारूभट्टीमागच्या गल्लीत जिथे नाझींनी जाळेपर्यंत गावचे सिनेगॉग उभे होते, तिथल्या पाटीसमोर दर नोव्हेंबरात, त्या जाळपोळीच्या स्मरणदिनी, भाषण करणारेही तेच, आणि त्या भाषणात एक वाक्य दरवर्षी असे: ज्यांना माहीत होते आणि जे बोलले नाहीत, त्यांच्याकडेही इतिहासाला हिशेब मागावा लागतो. वाक्य चांगले होते. ते म्हणताना डॉक्टर किंचित थांबत असत.

“काय, कसं वाटतंय?” मारेनने विचारले.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. कुठे तो काळ आणि कुठे ही एका दुपारची फजिती. दोन्हींना एकाच तराजूत घालणे हाच मुळी अभ्यासकाला न शोभणारा उथळपणा ठरला असता. असा युक्तिवाद त्यांनी मनातल्या मनात पुरा केला आणि मग तोंड उघडले.

“नेटकं आहे.”

“काहीच नाही? मला वाटलं, पान लाल शाईत न्हाऊन परत येईल.”

“एके ठिकाणी स्वल्पविराम जास्त आहे.”

मारेनचा चेहरा शाबासकी मिळालेल्या पोरीसारखा फुलला. केकचा दुसरा तुकडा घेऊन, रोसविटाला मिठी मारून ती गेली. त्या रात्री डॉक्टरांना फार दिवसांनी शांत झोप लागली.

पुढचे दहा-बारा दिवस त्यांच्या आयुष्यातले अत्यंत रम्य दिवस होते. तो शनिवार त्यांना जसजसा दिसू लागला तसतसा अधिक रेखीव होत गेला. बंद फाटक. रिमझिम पाऊस. चौकीदाराचे मान हलवणे. बेकरीवाली वैतागून छत्री उघडते आहे, मारेन पान उलटसुलट करते आहे, आणि मग उडो, तोच केकवाला उडो, वळून म्हणतो: एकेहार्ट, आता काय करायचं? त्या क्षणासाठी डॉक्टरांनी एक पर्यायी दुपार आखायला घेतली. नदीकाठचा दक्षिणेकडचा जुना किल्ला, तिथवर जाणारी ट्राम, तटावरून दिसणारे दृश्य, आणि हो, पुरेशी बाके. म्हाताऱ्यांना चढ लागू नये म्हणून वरच्या अंगाने प्रवेश. ही शेवटची कल्पना कोणाकडून उचलली, याची तळटीप त्यांनी दिली नाही. वीस वर्षांत कोणत्याही सहलीची तयारी त्यांनी इतक्या जिव्हाळ्याने केली नव्हती. फक्त फाटकाशी आपल्याला आश्चर्य वाटल्याचे दिसायला हवे, ही अडचण होती. ती ते रोज दाढी करताना आरशात सोडवत.

“मारेनच्या कार्यक्रमात तू काही खोट काढली नाहीस,” एकदा जेवताना रोसविटा म्हणाली.

“नव्हती.”

“माझ्या किराण्याच्या यादीतसुद्धा काढतोस.”

“माणसं बदलतात.”

“पंचाहत्तरीला?” ती म्हणाली आणि लोणच्याची काकडी कापत राहिली.

सभेच्या दिवशी ‘सोनेरी गरुड’चे मागचे दालन दुपारीच भरले. बिअर आली, सॉसेज आले, मुळ्याच्या चकत्या आल्या. डॉक्टर नेहमीच्या जागी, भिंतीला पाठ लावून बसले. शेजारी रोसविटा. मारेनने नकाशा टांगला नाही. ती टेबलांच्या मधूनच बोलत फिरू लागली, जणू परीक्षेच्या वेळी वर्गात फिरते आहे.

“पहाटे पुलावर जायचं म्हटल्यावर कोण कोण कुरकुरणार, ते मला आत्ताच सांगून टाका.”

“मी,” उडो म्हणाला.

“तू बिअरसाठी रात्री जागणार, म्हणून. तुला मी बादलीभर पाणी ओतून उठवीन. पुढे.”

लोक हसले. औषधवाल्याला त्याचे बाक सांगितले गेले: कोणत्या काठावर, कोणत्या झाडाखाली. म्हाताऱ्याने ते ठिकाण रुमालावर लिहून घ्यावे तसे दोनदा ओठांत घोळवले. डॉक्टर मुळ्याच्या चकत्यांवर मीठ टाकत होते. आपल्या कोणत्याही व्याख्यानात हा माणूस जागा असल्याचे त्यांना आठवत नव्हते.

“आता शनिवार दुपार,” मारेन म्हणाली आणि तिचा आवाज जरा खाली आला. “इथे मला एक मागणं मागायचंय. जुन्या दफनभूमीत लोक थडग्यावर फूल ठेवत नाहीत, खडा ठेवतात. आता गंमत बघा. आपल्या गावातली दोन ज्यू घराणी फार पूर्वी प्रागहून आली होती. दारूभट्टीमागच्या गल्लीत राहायची. हे मला कुठून कळलं? हेर डॉक्टरांच्या निबंधातून. तुमच्यातल्या कोणी वाचलाय?”

कोणी वाचला नव्हता. लोकांनी बिअरच्या ग्लासांकडे पाहिले.

“मी दोनदा वाचला. पहिल्यांदा कळला नाही. तर माझ्या मनात असं आलं, की प्रत्येकाने त्या गल्लीतला एक खडा सोबत घ्यायचा. ती माणसं तिथून इथे आली, आणि मग इथून... कुठे नेली, ते तुम्हाला माहीत आहे. त्यांना थडगी नाहीत. निदान त्यांच्या पणजोबांच्या पणजोबांना त्यांच्या गल्लीतला एकेक खडा देऊ.” तिने खिशातून एक लहानसा करडा खडा काढून टेबलावर ठेवला.

दालनात कोणी सॉसेजला हात लावला नाही. डॉक्टर त्या खड्याकडे पाहत राहिले. त्यांच्याच निबंधाच्या त्र्याहत्तराव्या पानावर, खालच्या बारीक टिपेत ती दोन घराणी होती. तिथे ती त्यांनी नेऊन पुरली होती, व्यवस्थित, संदर्भासह. आणि ही शिट्टीवाली बाई तिथून त्यांना हाताला धरून बाहेर घेऊन आली होती. इतका शुद्ध, इतका निखळ मत्सर त्यांनी कोणत्याही सम्राटाच्या चरित्रात वाचला नव्हता. बंद फाटक, पाऊस, चौकीदार हे सारे त्यांच्या डोळ्यांपुढे पुन्हा उभे राहिले. या वेळी मात्र त्या फाटकाशी उभ्या असलेल्या लोकांच्या मुठींत खडे होते.

“आणि हो,” मारेन म्हणाली, “सगळं बरोबर आहे ना याची काळजी नको. हेर डॉक्टरांनी अक्षरन्‌अक्षर स्वतः तपासलंय. नाहीतर तुमच्यासमोर उभं राहायची माझी छाती नव्हती.”

माना डॉक्टरांकडे वळल्या. त्यांनी किंचित मान लववली. दुसरे काही करता येण्यासारखे नव्हते.

“शनिवारी?” रोसविटा म्हणाली.

ती मोठ्याने बोलली नव्हती. पण दालन शांत होते.

“शनिवारी ते बंद असतं ना? सब्बाथ असतो.” ती नवऱ्याकडे वळली. “प्रत्येक वेळी तूच तर बजावायचास, एकेहार्ट. ‘प्रागमध्ये शनिवारी काहीही करा, ज्यू वस्ती ठेवू नका.’ मला पाठ झालंय.”

उडोने ग्लास खाली ठेवला. “एकेहार्ट?”

डॉक्टरांची बुद्धी अशा प्रसंगी अतिशय स्वच्छ चालत असे. दोनच वाटा होत्या. ‘माझ्या लक्षात आलं नाही’ म्हणावे, तर ते अज्ञान. पण अज्ञानाचे दार बायकोने आत्ताच बाहेरून लावून टाकले होते. ‘लक्षात आलं होतं’ म्हणावे, तर मग पुढचा प्रश्न बेकरीवालीसुद्धा विचारू शकली असती. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कळले की आपण मूर्ख ठरण्यापेक्षा दुष्ट ठरणे पसंत करू, आणि ते तसे म्हणणारही होते. शब्द ओठांवर आले होते. दाढीच्या आरशातले ते आश्चर्य मात्र वेळेवर आले नाही.

मारेन त्यांच्याकडे पाहत होती. लाकडी घोड्यापर्यंत धावत येऊन ऐन वेळी पाय मुरगळल्याचे सांगणाऱ्या शेकडो पोरी तिने पाहिल्या होत्या. तिला समजायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात एखाद्याने बिअरचा घोट घेतला असता.

“हात तिच्या,” ती म्हणाली आणि कपाळाला हात लावला. “माझंच डोकं ठिकाणावर नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं मला. ‘शनिवार आणि रविवार उलटे करा, बाई.’ मी मान डोलावली आणि घरी जाऊन जुनंच पान छापायला दिलं. हेर डॉक्टर, आता तुम्ही मला शिक्षा द्या.”

“उत्तरेकडची माणसं,” उडो समाधानाने म्हणाला. “वाऱ्याने डोकं रिकामं होतं.”

“तरी बरं, टोपी घालायला उरलंय.” हशा पिकला. हशा ओसरायच्या आत मारेनने बोटांची पेरे टेबलावर ठोकली. “चूक पकडणाऱ्यासाठी,” ती म्हणाली. औषधवाल्याने ठोकली, बेकरीवालीने ठोकली, आणि मग सारे दालन ठोकू लागले. ग्लास थरथरले. करडा खडा टेबलावर जागच्या जागी नाचला. डॉक्टरांनी गावाला शिकवलेली ती दाद चोहोबाजूंनी त्यांच्यावर कोसळत होती आणि रीतीप्रमाणे त्यांना उठून उभे राहावे लागले. वॉर्सासाठी इतके जोरात कोणी ठोकले नव्हते.

फक्त रोसविटाचे हात मांडीवर होते. त्या दुपारी कॉफी तिने ओतली होती. एका स्वल्पविरामापलीकडे काय बोलणे झाले होते, ते ऐकणारे घरात तिसरे माणूस तीच होती.

कोट अडकवण्याच्या खुंट्यांपाशी मारेनने डॉक्टरांना गाठले. “रविवारी सकाळी तिथे तुम्हीच बोलाल ना? खडे ठेवताना. त्या घराण्यांची नावं मला धड उच्चारताही येत नाहीत.”

तिच्या चेहऱ्यावर उपकार नव्हता, टोमणा नव्हता, काहीच नव्हते. डॉक्टरांनी तो कसून शोधला. निदान एवढा तरी क्षुद्रपणा तिच्यात असायला हवा होता, म्हणजे दोघांना एका पातळीवर उभे राहता आले असते. खोटे बोलण्यातसुद्धा ही बाई आपल्याहून सरस निघाली.

“बोलेन,” ते म्हणाले. आणि मग, दात उपटून दिल्यासारखे: “तू मला एकेहार्ट म्हणत जा.”

“बरं, एकेहार्ट,” ती इतक्या चटकन म्हणाली की जणू ती मनात कधीपासून तेच म्हणत होती.

घरी जाताना ऊन कलले होते. रोसविटा चार पावले पुढे चालत होती आणि थांबत नव्हती. दारूभट्टीच्या मागे गल्लीच्या तोंडाशी, पाटीखाली, ती वाकली आणि तिने एक खडा उचलून रुमालात बांधला.

“माझ्यासाठीही एक घे,” डॉक्टर म्हणाले. “माझा गुडघा...”

“तुझा तू उचल.”

ती पुढे निघून गेली. डॉक्टर काही वेळ पाटीसमोर उभे राहिले; नोव्हेंबर नसताना ते इथे कधी थांबले नव्हते. मग एक हात भिंतीला टेकवून ते हळूहळू खाली बसले आणि जमिनीवरचे खडे एकेक करून चाळू लागले. हाताला बरेच लागले. त्यांनी ते टाकून दिले. मारेनने टेबलावर ठेवला होता त्याहून मोठा असा एक कुठेतरी असायलाच हवा होता.